वजीर पुढे घालावा का

६ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझ्या पायाचं प्लास्टर अजून दोन महिने निघणार नाही हे कळलं. जन्मभर दुसऱ्यांना ‘हलू नका’ म्हणून दटावलंस, आता स्वतः न हलता बसून दाखव. आमच्याकडे प्लास्टरची पोती पडलेली असतात, पण ती दातांचे साचे काढायला. तुझा पाय त्यात बसायचा नाही.

तू घोडा मागे घेतल्याचं कार्ड मिळालं. मी उंट एक घर सरकवतो. तुझं लग्न झाल्यापासून आपण हे टपालाने खेळतोय, आणि एवढ्या वर्षांत कुणाचाच राजा नीटसा अडचणीत आला नाही. हे सांगायचं कारण पुढे आहे.

कवळ्यांचे आराखडे आता संगणकावर करायचे म्हणून दातांच्या डॉक्टरांनी मागे लागून मला नवं यंत्र घ्यायला लावलं. ते बसवायला आलेल्या माणसाने कपाटावरचा पट पाहिला आणि जाता जाता बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम टाकून दिला. तो कसा खेळणार ते आपण निवडायचं: शांत, साधा की आक्रमक. माझं बोट चुकून आक्रमकवर पडलं. काय सांगू ताई! किल्लेकोट करून जरा टेकतोय तोच त्याने घोडा आणून माझ्या प्याद्यावर आपटला. मला वाटलं यंत्र बिघडलं. फुकटचा घोडा म्हणून खाल्ला, आणि चार चालींत माझा राजा अंगणात उघडा! इकडे शेगडीवर साच्यांसाठी ठेवलेलं मेण जळून खोलीभर धूर झाला तरी मला पत्ता नाही. मी त्याचं नाव दांडगा ठेवलंय.

आता हिचं. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. कानामागे आत जी गाठ निघाली ती विषारी नाही, हे तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात, थांबून बघा, नाहीतर काढून टाका. काढताना नस दुखावली तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडेल. थांबलो आणि गाठ वाढली तर मेंदूवर दाब येणार. पुढच्या खोलीत ही दातांच्या छटांची पट्टी घेऊन बसते आणि आधी स्वतः हसते, म्हणजे समोरचा बोळका माणूसही लाज सोडून हसतो. मग आत येऊन मला सांगते, ‘हिरडी दिसते, दात अंमळ लांब करा.’ आमचा अर्धा धंदा तिच्या हसण्यावर चालतो. आणि मी तरी दुसरं काय बघत आलोय इतकी वर्षं?

ही म्हणते, ‘वन्संना विचारा. त्यांनी नर्स म्हणून आयुष्य ऑपरेशनच्या खोलीत काढलंय. तुमचं दोघांचं जे एकमत होईल त्यावर मी सही करीन. एकट्या तुमच्यावर सोडलं तर तुम्ही बरोबरी मागत बसाल.’

तेव्हा तू सांग.

तुझा भाऊ


१५ फेब्रुवारी

चि. बरोबरीरावांस अनेक आशीर्वाद.

शाब्बास! मी पंधरा दिवस डोकं खाजवून घोडा मागे घेते, आणि तू एका निमिषात चाल करणाऱ्या दांडग्याच्या प्रेमात पडतोस. खेळ बाबा, खेळ. तुझ्यासारख्याला कुणीतरी असा मानगुटीवर बसणारा हवाच होता. तू ताकसुद्धा फुंकून पितोस आणि नंतर म्हणतोस गार झालं.

वजीरबाईंच्या गाठीबद्दल आता हसणं बाजूला ठेवून लिहिते. तिला वजीरबाई मी उगाच म्हणत नाही. त्या घरात राजा तू असशील, पण एकेक घर सरकणारा. चारी दिशांना धावते ती. तिच्या चेहऱ्याला असातसा हात लावून चालणार नाही. माझं मत, थांबावं. अशा गाठी वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या मी पाहिल्यात. मार्चमध्ये गाठीचा फोटो पुन्हा काढा. वाढली नसेल तर प्रश्न मिटला. वाढली असेल तर मला लगेच कळव, मग बसून एकेक गोष्ट बघू. घाईघाईत कुठेही सही करू नका.

फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हो-हो करतोस आणि ठेवून देतोस. लिही. माझं प्यादं एक घर पुढे.

ताई


१२ मार्च

ती. ताई,

जिंकलो! दांडग्याला हरवलं!

महिनाभर त्याने मला धू धू धुतलं. त्याला माझ्या मोहऱ्यांशी देणंघेणंच नसतं, तो थेट राजाच्या अंगावर येतो. स्वतःचे घोडे, उंट चुलीत घालावेत तसे घालतो, आणि नंतर कळतं की जाळ माझ्याच घराला लागलाय. परवा एका आजीबाईंची कवळी घासताना मनात डाव चालू होता, पुढचा दात घासून निम्मा केला. सगळी पुन्हा करावी लागली. आजीबाईंची समजूत घालायला ही गेली, तेच मला लागलं.

मग काल मी त्याच्यासारखं खेळून पाहिलं. हत्ती दिला. ताई, हत्ती! एक प्यादं गेलं तर जेवण न जाणारा माणूस मी. आणि तो लटपटला. त्याचा राजा कोपऱ्यातून पळायला लागला, मी मागे, तो पुढे, आणि मात! मी उठून खोलीभर फिरलो. ही दारात येऊन म्हणाली, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘जिंकलो.’ म्हणाली, ‘कोण हरलं मग?’

साठी उलटल्यावर कळतंय की मी आजवर डाव नुसते वाचवले, खेळलो एकही नाही. दुकान वाढवायचं होतं तेव्हा थांबलो. मूल दत्तक घ्यायचं ही म्हणत होती, तेव्हा ‘बघू’ म्हणालो आणि बघता बघता वय झालं. सगळीकडे बरोबरी.

हिचा फोटो काढून झाला. त्याचं सविस्तर लिहायचंय, पण आज पेन तिकडे वळत नाही.

एकच विचारतो. डाव अडलाय. वजीर पुढे घालावा का? नाही घातला तर आज काही बिघडत नाही, पण आतून कोंडी वाढत चाललीय, आणि नंतर घालायचं म्हटलं तरी तेव्हा वाट उरायची नाही. घातला तर पुढे काय होईल ते मला शेवटपर्यंत दिसत नाही. दांडग्याने एका क्षणात घातला असता. तू सांगशील तसं करतो. लवकर लिही.

तुझा भाऊ


२० मार्च

चि. बरोबरीराव,

घाल! डोळे मिटून पुढे घाल!

हत्ती दिल्याचं वाचून मी बिछान्यातच टाळ्या वाजवल्या. औषध द्यायला आलेल्या शेजारणीला वाटलं माझ्या पायाबरोबर डोकंही गेलं. अरे, लहानपणापासून बघतेय तुला. वजीर घरात झाकून ठेवतोस, कुणाची सावली पडू देत नाहीस, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणतोस, ‘ताई, बरोबरी?’ पुरे झालं. एक घाव दोन तुकडे करून टाक. गेला तर गेला वजीर, काय आभाळ कोसळणार आहे? हरलास तर दुसरा डाव मांड. सोंगट्या कुठे पळून जात नाहीत.

फोटोचं लिहायला तेवढा विसरलास. पानभर दांडगा आणि बायकोला दीड ओळ! वाढली की नाही, एवढं आधी कळव.

ताई


२८ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. तू इतकं ठाम लिहिशील असं वाटलं नव्हतं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, ‘वन्सं म्हणतात ना, मग झालं.’ दुसऱ्याच दिवशी जाऊन दोघांनी सही केली.

गाठ दुपटीने वाढली होती. मागच्या पत्रात ते लिहवलं नाही. तुला सांगतो, सही करताना माझा हात कापला नाही. डॉक्टर म्हणाले, ‘विचार झाला ना?’ म्हटलं, ‘माझी बहीण या कामातली आहे. तिचा निरोप आलाय.’

येत्या आठवड्यात भरती करायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. दुकान आजपासून बंद ठेवलंय. आशीर्वाद असू दे.

तुझा भाऊ


३१ मार्च

अरे, तू काय केलंस?

मी लाकडाच्या वजिराबद्दल लिहिलं होतं! तुझ्या त्या यंत्रातल्या वजिराबद्दल! तू जन्मात एकदा तरी तिला वजीर म्हणालास का? तू ‘ही’ म्हणतोस. वजीरबाई मी म्हणते. जिंकल्याचं पानभर वर्णन करून खाली डाव अडलाय असं लिहिलंस, तर मी दुसरं काय समजायचं?

बरं, तुझा गैरसमज झाला असं धरू. पण ‘गेला तर गेला, दुसरा डाव मांड’ हे वाचून तुला काय वाटलं? तुझी बहीण तुझ्या बायकोबद्दल असं लिहील? आणि त्याच पत्रात मी फोटोचं विचारलंय. गाठ वाढली की नाही हेच जिला ठाऊक नाही, ती ऑपरेशन करा म्हणून कशी सांगेल? एवढं तुला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?

कदाचित काढणंच बरोबर असेल. दुपटीने वाढली म्हणजे मीही तेच म्हटलं असतं. पण आधी दहा गोष्टी विचारल्या असत्या. कोण करणार, त्याचा हात या कामात किती बसलाय, नस जपायला त्यांच्याकडे काय सोय आहे. ते सगळं राहिलं, आणि माझं नाव पुढे करून सह्या झाल्या. इतकी वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना मी सांगत आले की नीट विचारा, नीट ऐका, आणि माझ्याच घरी हे व्हावं!

सकाळपासून फोन करतेय. दुकानात नुसता वाजतोय, तुझा मोबाईल बंद. हा पाय नसता तर आत्ता निघाले असते. हे कुरिअरने पाठवतेय. हातात पडताक्षणी तिला खरं सांग. मग काय ते तिला ठरवू दे.

ताई


२ एप्रिल

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र माझ्या हातात पडलं. हे दवाखान्यात खोलीचं बघायला गेले होते. उद्या भरती व्हायचंय. फोन करत नाही, कारण हे आता सारखे जवळ असतात, आणि चालत्या कानाने मला तुमचं रडणं ऐकायचं नाही.

वन्सं, मला माहीत होतं.

त्यांनी तुमचं आधीचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मधे अडकले. तुमची पत्रं हे एका दमात वाचतात, तुमच्यासारखा आवाजही काढतात. त्या दिवशी ‘एक घाव दोन तुकडे’पर्यंत आले आणि घसा खाकरून थेट ‘ताई’ म्हणून संपवलं. तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाही, असं कधी झालंय का? कपडे धुवायला काढताना त्यांच्या कामाच्या कोटाच्या खिशात पत्र सापडलं. सोंगट्यांचं वाचलं, फोटोचं वाचलं. दुसऱ्या दिवशी सही करायला मीच पुढे झाले.

मला ही गाठ नको होती. पहिल्या दिवसापासून नको होती. उठताना तोल जातो, भिंत धरून चालावं लागतं, हे मी त्यांना कळू दिलं नाही. पण मी ‘काढा’ म्हटलं असतं तर त्यांनी मायेने नाही म्हटलं असतं. मायेने नाही म्हणणं त्यांना फार छान जमतं, माझा जन्म त्यातच गेला. तुम्हाला मात्र ते नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून तर दोघांवर सोपवलं होतं. वाटलं, वन्सं आज ना उद्या काढा म्हणतील. तुम्ही थांबा म्हणालात, आणि मी अडकले. मग हे पत्र आलं. तुम्ही चुकून दिलेली परवानगी मी मुद्दाम घेतली.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी मी डॉक्टरांना विचारल्या. त्यांनी नीट उत्तरं दिली. भीती वाटते. काल आरशासमोर उभी राहून बराच वेळ हसून बघितलं, तेवढ्यात हे आले, मग केस विंचरल्यासारखं केलं.

तुमचं हे पत्र त्यांना आत्ता दाखवत नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसायला माणूस शुद्धीत हवा.

तुमची,
वजीर


२२ एप्रिल

ती. ताई,

ऑपरेशन झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा नीट बोलता आलं नाही. आता लिहितो.

गाठ पूर्ण निघाली. जिवाला धोका नाही. डावी बाजू गेली. डोळा मिटत नाही, झोपताना चिकटपट्टी लावून मिटवावा लागतो. प्यालेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. डॉक्टर म्हणतात, नस तुटलेली नाही, दुखावलीय. वर्षभरात काही परत येईल. किती, ते सांगत नाहीत.

तुझं कुरिअर हिने घरी आल्यावर दिलं. ताई, मला कळलं होतं. ‘दुसरा डाव मांड’ या ओळीशीच कळलं. पण ‘घाल’ हा शब्द त्याच्या आधी आला होता, आणि मला तेवढाच हवा होता. त्या महिन्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वाटायचं, धाडसाने खेळणाऱ्याचं सगळं नीट होतं. दांडगा हरतो तेव्हा त्याचं काय जातं, हा विचार एकदाही शिवला नाही. पाटी पुसून तो पुन्हा तयार.

त्याला अजून काढून टाकलेलं नाही. कालही खेळलो. वजीर सोडून बाकी एकेक मोहरा देत गेलो आणि हरलो.

हिने पुढच्या खोलीत बसणं सोडलंय. दातांच्या छटा मीच बघतो. माणसं तोंड मिटून बसतात. मी हिची रोज माफी मागतो. ही म्हणते ठीक आहे. आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं, निर्णय आपलाच होता, असंही सांगते. माझं मन राखायला म्हणत असणार. तिचा स्वभावच तसा. ठरवलं मी, वाटोळं केलं मी. तिच्या डोक्यावर हे ओझं मी कसं देऊ?

तुझा भाऊ


९ मे

ती. वन्सं,

तुमचं सूचनांचं पत्र मिळालं. डोळ्यांत थेंब घालते, उजव्या बाजूने चावते, गालाचा व्यायाम करते. तुमचं प्लास्टर निघालं आणि काठी घेऊन जिना उतरलात, हे वाचून बरं वाटलं. पत्रात चार ठिकाणी तुम्ही ‘माझी चूक’ असं लिहिलंय. पुढच्या पत्रात लिहू नका. एकाचं ऐकूनच मी दमलेय.

हे दिवसातून कितीदा माफी मागतात म्हणून सांगू! चहा देताना मागतात, थेंब घालताना मागतात. मी ‘ठीक आहे’ म्हणते. अर्ध्या तोंडाने ‘ठीक आहे’ म्हणणं किती मेहनतीचं काम असतं ते करून बघा. खाली वाकलं की ओठातून लाळ गळते, ती पुसायची की यांना समजवायचं?

आणि राग कशाचा येतो सांगू का? आयुष्यात मी एकच गोष्ट स्वतःची स्वतः ठरवली, तीही हे माझ्या हातून काढून घेतात. सांगते की मीच ठरवलं, तुमचं पत्र वाचून, समजून उमजून. तर डोळे पुसून म्हणतात, ‘तू फार मोठ्या मनाची आहेस.’ मोठं मन गेलं खड्ड्यात! माझा चेहरा गेलाय. तो गेल्याचं मला दुःख आहे, आणि तरी मी परत तीच सही केली असती. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, एवढं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

परवा त्यांनी माझ्यासाठी एक गुलाबी तुकडा बनवला. कवळीच्या सामानातलाच. गालाच्या आत बसवायचा, म्हणजे गाल वर उचलला जातो आणि चेहरा सरळ दिसतो. पाच-सहा वेळा माप घेतलं, घासून घासून गुळगुळीत केला. संगणकाकडे ढुंकून बघितलं नाही त्या दिवसांत. बसवून दिला आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मी म्हटलं, ‘छान बसला.’ वन्सं, तो टोचतो. हिरडीला फोड आलाय. पण काढून ठेवला की त्यांचा चेहरा माझ्या डाव्या बाजूसारखा होतो, म्हणून दिवसभर घालून बसते.

तुम्ही या. काठी घेऊन या, पण या. पट आणू नका. आलात की तो तुकडा काढून पहिला तुमच्या हातात देणार आहे, आणि मग मला कुणावर तरी मोठमोठ्याने ओरडायचंय. या घरात मी जरा आवाज चढवला की हे रडतात, आणि मग मलाच उठून पाणी आणावं लागतं.

तुमची,
वजीर